सीएलएल ओळखायचा कसा? पेशीवरच्या खुणांवरून

श्रोतेहो, नमस्कार. रक्ताच्या रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, वाढलेल्या दिसल्या की 'क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया', म्हणजे सीएलएल, या रक्ताच्या कॅन्सरचं नाव कानावर पडतं. पण नुसत्या आकड्यावर निदान होत नाही. एकाच मूळ पेशीपासून वाढलेल्या बी-पेशी (लिम्फोसाइटचाच एक प्रकार), रक्ताच्या मायक्रोलीटरमागे किमान 5,000, आणि त्या तीन महिने टिकलेल्या असाव्या लागतात.

त्यासाठी फ्लो सायटोमेट्री करतात. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीतलं रक्त फ्रिजमध्ये न ठेवता, शक्यतो 24 तासांत लॅबमध्ये पोचवायचं. तिथे चमकत्या रंगाच्या अँटीबॉडी पेशींवरच्या खुणांना चिकटतात, आणि लेसरसमोरून एकेक पेशी जाताना कोणता रंग किती तीव्र, हे मोजलं जातं.

या खुणांना 'सीडी' आणि आकडा अशी नावं असतात. सीडी 5 ही खरं तर टी-पेशींची, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या लिम्फोसाइटची खूण. त्यामुळे 'सीडी 5 पॉझिटिव्ह' एवढंच वाचून घाबरण्यात अर्थ नाही. बी-पेशींची खूण सीडी 19, आणि ती असलेल्याच पेशीवर सीडी 5 सापडली तर गोष्ट वेगळी. पुढे मॅट्युटस स्कोअर मांडतात: सीडी 5 आहे, सीडी 23 आहे, एफएमसी 7 ही आणखी एक खूण नाही, पृष्ठभागावरचं इम्युनोग्लोब्युलिन (बी-पेशीचं अँटीबॉडी प्रथिन) फिकट, सीडी 79बी फिकट किंवा नाहीच. प्रत्येकी एक गुण. चार-पाच गुण म्हणजे नेहमीचा सीएलएल. तीन आले की सावध व्हायचं.

कारण मँटल सेल लिम्फोमा या बी-पेशींच्या दुसऱ्या कॅन्सरमध्येही सीडी 5 असते, आणि त्याचे उपचार निराळे. तिथे सीडी 23 बहुधा नसते, एफएमसी 7 असते. आमच्या मते अशा वेळी सीडी 200 बघितल्याशिवाय पुढे जाऊच नये: सीएलएलमध्ये ती ठळक, मँटलमध्ये सहसा नसते. तरी शंका उरली तर फिश या गुणसूत्रांच्या तपासणीत 11 आणि 14 या गुणसूत्रांची अदलाबदल शोधतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो कप्पा-लॅम्डामध्ये. हे इम्युनोग्लोब्युलिनचे दोन प्रकार, एका बी-पेशीवर त्यातला एकच असतो. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या बी-पेशी मिसळलेल्या असतात. सीएलएलमध्ये जवळपास सगळ्या एकाच प्रकारच्या. पण रक्तद्रवात ही प्रथिनं मोकळीही फिरत असतात. अँटीबॉडी घालण्याआधी पेशी बफर सलाइनने दोन-तीनदा धुतल्या नाहीत, तर अँटीबॉडी त्या मोकळ्या प्रथिनांतच संपते. मग आलेखावर ना कप्पा दिसतं, ना लॅम्डा. मुळात फिकट खूण, तीही हातची जाते. असा रिपोर्ट आला तर नमुना पुन्हा धुऊन लावायला सांगावं.

आणि रुग्णाने आधी रिटुक्सिमॅब, म्हणजे बी-पेशींवरच्या सीडी 20 या खुणेला चिकटणारं औषध, घेतलं असेल तर ते फॉर्मवर जरूर लिहा. नाहीतर सीडी 20 दिसत नाही म्हणून लॅब भलत्याच आजाराच्या मागे लागेल.