बारातले उरलेले दोन

(दृश्य: गव्हाच्या टेकड्या, मधोमध एक गाव)

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला पुलमन नावाचं गाव आहे. वस्ती साधारण ३३ हजार. आणि गावातल्या विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानात किती माणसं मावतात? तीही जवळपास तेवढीच.

२९ नोव्हेंबर २०२५ ला इथे याच विद्यापीठाच्या संघानं, वॉशिंग्टन स्टेटनं, ओरेगन स्टेट विद्यापीठाला ३२-८ असं हरवलं. चार आठवड्यांपूर्वीच आपल्या गावी, कॉर्व्हॅलिसला, ओरेगन स्टेट १०-७ नं जिंकलं होतं. एकाच मोसमात, साखळीत, त्याच संघाशी दोनदा खेळणं अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये सहसा घडत नाही. पण करतात काय? पॅक-१२ (‘पॅक’ म्हणजे पॅसिफिक, प्रशांत महासागर) या त्यांच्या कॉन्फरन्समध्ये तेव्हा फुटबॉल खेळायला हे दोघेच उरले होते.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. आपसात सामने लावायचे, टीव्हीचे हक्क एकत्र विकायचे, पैसा वाटून घ्यायचा. हा गट १९१५ चा. पोर्टलंडच्या हॉटेलात चार विद्यापीठांनी तो सुरू केला आणि ओरेगन स्टेट त्या चारांतलंच एक.

एवढा जुना संसार मोडायला चौदा महिने पुरले. जून २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या गटाची वाट धरली. पुढच्या वर्षी टीव्हीचा नवा करार जमेना, अ‍ॅपलचा प्रस्ताव पुरेसा वाटेना, आणि एकेक जण सामान बांधू लागला. स्टॅनफर्ड आणि बर्कली तर थेट अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले. (बिग टेनमध्ये आज १८ संघ आहेत. या खेळात नावातल्या आकड्यावर विसंबू नये.)

दहा गेले, दोन उरले. मग नाव कुणाचं, तिजोरी कुणाची? नाव आणि चिन्हाचा वाद आपल्याला काही नवा नाही. इथेही प्रकरण कोर्टात गेलं आणि कारभार उरलेल्या दोघांच्या हाती आला.

(दृश्य: बॉयसीचं मैदान, आकाशातून)

इथवर सहानुभूती या दोघांकडे जाते. पण पुढे त्यांनी काय केलं? २०२४ मध्ये माउंटन वेस्ट नावाच्या ज्या शेजारी गटानं त्यांना सामने दिले, त्याचंच घर फोडलं. बॉयसी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन दिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट असे पाच संघ उचलले. असं केलं तर दंड भरावा लागेल, ही अट करारात होती. तो दंडच बेकायदा आहे, असं म्हणत पॅक-१२ पुन्हा कोर्टात. सोसलेलं माणूस किती लवकर विसरतो!

फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात टिकायला गटात किमान आठ संघ लागतात. आठवा मिळाला टेक्सास स्टेट. गोंझागा विद्यापीठही आलं, पण ते बास्केटबॉलवालं. त्यांच्याकडे फुटबॉलचा संघच नाही.

(दृश्य: रिकामं मैदान, रेषा आखणारा कर्मचारी)

१ जुलै २०२६ पासून हा नवा संसार सुरू होतोय. मोसमात पाहुण्या संघांना बॉयसीच्या त्या प्रसिद्ध निळ्या मैदानावर उतरावं लागेल, जे १९८६ पासून निळंच आहे. आणि पुलमनच्या गव्हाच्या पट्ट्यातले खेळाडू टेक्सासच्या उकाड्यातल्या संघाला आपल्याच गटातला म्हणायला शिकतील.

टेक्सासला प्रशांत महासागर लागत नाही, हे खरं. पण स्टॅनफर्डला तरी अटलांटिक कुठे लागतो?