काळा घोड्याचं बिडाचं घर

[दृश्य : कोल्हापूरजवळची फौंड्री. वितळलेला रस साच्यात पडतोय.]

शिरोलीची ही भट्टी. लालपिवळा रस वाळूच्या साच्यात उतरतोय. तो निवला की वाळू झटकायची, आत जे सापडेल ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. आपल्या घरातला तवा याचाच. हा तवा वर्षानुवर्षं आचेवर बसतो, कितीही जड भांडं ठेवा, वाकत नाही. पण ओट्यावरून निसटला की तडकतो. बिडाचा हा स्वभाव ध्यानात ठेवा, कारण मुंबईत एक अख्खी पाचमजली इमारत त्याच्या भरवशावर उभी आहे.

[दृश्य : मुंबई, महात्मा गांधी रस्ता. कॅमेरा पदपथावरून हळूहळू वर जातो.]

काळा घोडा. एल्फिन्स्टन कॉलेज, डेव्हिड ससून वाचनालय, आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग, आणि त्याच ओळीत ही. एस्प्लनेड मॅन्शन. जुनं नाव वॉटसन्स हॉटेल.

हिच्यासमोर कुणी थांबलंच, तर एकच गोष्ट सांगतो : जमशेटजी टाटांना इथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधलं. त्या गोष्टीला भक्कम कागदाचा आधार नाही, आणि तिच्या गजरात इमारतीची स्वतःची गोष्ट बुडून जाते. आम्हाला तुम्हाला खांब दाखवायचे आहेत.

[दृश्य : तळमजल्याचे खांब, जवळून. रंगाचे पोपडे, खाली गंज.]

हा पाहा. हा दगड नाही. वाजवला तर कळेल. असा एक खांब, त्याच्या डोक्यावर दुसरा, त्यावर तिसरा, थेट छपरापर्यंत. मधे आडव्या तुळया. भिंती दिसतात त्या विटांच्या, पण त्यांच्यावर भार नाही, त्या नुसत्या चौकटीत भरल्या आहेत. घराचा सगळा भार या सांगाड्यावर.

[दृश्य : जुनी चित्रं. तटबंदी, बंदर, कापसाचे गठ्ठे.]

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. लँकेशायरच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात किल्ल्याचा तट पाडला गेला, तटाबाहेरच्या मैदानावरचे भूखंड विक्रीला निघाले. त्यातला एक घेतला जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानं. त्याची नवी इमारत शेजाऱ्यांसारखी दगडाची होणार नव्हती.

[दृश्य : लंडनच्या क्रिस्टल पॅलेसचं छापील चित्र.]

आराखडा केला रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज अभियंत्यानं. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी काच आणि लोखंडाचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला, त्याच्या कामात हा माणूस होता. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाचं अजस्र छप्पर, चेल्सीचा अल्बर्ट पूल, यांतही त्याचा हात आहे. आपल्याकडे त्याच्या नावाची आठवण कुणी काढत नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

[दृश्य : पुन्हा फौंड्री. कारागीर वाळू ठोकतोय.]

ऑर्डिशच्या कागदावरचे खांब इंग्लंडात डर्बीच्या फीनिक्स फौंड्रीत ओतले गेले. पद्धत हीच, जी इथे शिरोलीत दिसतेय. आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे हुबेहूब नमुना, त्यावर वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद काढायचा, पोकळीत रस. एका पॅटर्नवर हवे तेवढे एकसारखे खांब निघतात, आणि खांबाच्या माथ्यावरची नक्षीसुद्धा त्याच ओतकामात येते, वेगळा पाथरवट लागत नाही.

पण सगळंच बिडाचं करून चाललं नसतं. तवा आठवा. बीड दाब झेलतं, ताण झेलत नाही. खांबावर दाब असतो, म्हणून खांब बिडाचे. तुळई मधे लवते, तिच्या खालच्या अंगाला ताण बसतो, म्हणून तुळया घडीव लोखंडाच्या. कुठे ओतायचं आणि कुठे घडवायचं, ही जाण या इमारतीच्या प्रत्येक सांध्यात आहे.

मग हे सगळे सुटे भाग जहाजावर चढले. सुवेझचा कालवा उघडला नोव्हेंबर १८६९ मध्ये. वॉटसनचं बांधकाम चाललं १८६७ ते १८६९. म्हणजे हे वजनदार सामान आफ्रिकेला वळसा घालून आलं. लोखंडच नव्हे, विटाफरशांपर्यंत बरंच काही विलायतेतून आलं. इथल्या मजुरांनी ते जुळवलं. पाहणाऱ्यांना तो सांगाडा पक्ष्यांच्या प्रचंड पिंजऱ्यासारखा वाटला.

[दृश्य : दर्शनी बाजू, मजल्यामागून मजला.]

शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग, जिला गगनचुंबी इमारतींची आई म्हणतात, ती १८८५ ची, म्हणजे हिच्या नंतरची. इंग्लंडात शीरनेसच्या गोदीत लोखंडी सांगाड्याची बहुमजली इमारत १८६० मध्ये झाली होती, पण ती नावा ठेवण्याची वखार. इथे तशा सांगाड्यात माणसं राहिली, जेवली, झोपली. तेही सांगाडा न झाकता, रस्त्यावरून दिसेल असा. भारतात टिकून असलेली ही सर्वांत जुनी बिडाची इमारत मानली जाते. वारसा यादीत तिची श्रेणी दोन-अ.

[दृश्य : हॉटेलची जुनी छायाचित्रं.]

१८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. सुमारे १३० खोल्या, मधे काचेच्या छताखालचा चौक. १८९६ च्या जानेवारीत मार्क ट्वेन इथे उतरले आणि सज्जातून दिसणाऱ्या मुंबईच्या कावळ्यांवर त्यांनी मनापासून लिहिलं.

त्याच वर्षी, ७ जुलैला, पावसाळ्यातल्या संध्याकाळी, ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियस सेस्टिए याने इथे हलती चित्रं दाखवली. तिकीट एक रुपया. सहा छोट्या चित्रफिती, त्यांतली एक भिंत पाडण्याची. भारतातला हा सिनेमाचा पहिला खेळ. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा, ल्युमिएरचे हे खेळ पाहून झपाटले. त्यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली, १९०१ मध्ये रँग्लर परांजप्यांचं मुंबईतलं स्वागत टिपलं. मराठी माणसाच्या हातात कॅमेरा आला तो या दारातून.

[दृश्य : सज्जे, तुटलेले कठडे, लोंबणाऱ्या तारा.]

१९०३ मध्ये ताज उघडलं, वॉटसनचे दिवस उतरले, हॉटेल बंद पडलं. खोल्यांची कार्यालयं झाली. शेजारी सत्र न्यायालय, म्हणून वकिलांची रीघ. पोटमाळे, फळ्यांच्या आडभिंती, गळके नळ. जुन्या भाड्यात डागडुजी परवडेना. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळला, एक जीव गेला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं २००६ च्या धोक्यातल्या १०० वास्तूंमध्ये तिचं नाव घातलं. २०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालानं पाडण्याची शिफारस केली, वास्तुजतनाच्या जाणकारांनी ती खोडून काढली, रहिवासी आणि गाळेधारक सामान घेऊन बाहेर पडले.

[दृश्य : रिकाम्या खिडक्या. काही क्षण निवेदन नाही.]

[दृश्य : एक सांधा, अगदी जवळून. मग फौंड्री.]

सांध्यात पाणी शिरतं, लोखंड गंजतं, गंज फुगतो आणि बिडाला चीर पाडतो. दुखणं हे आहे, आणि ते एकेका भागाचं आहे. घर सुट्या भागांतून जुळलंय, मग भाग बदलायलाही वाव आहे. दगडी कमान अशी सहज सुटत नाही. तुटक्या कठड्याचं माप घ्या, लाकडाचा पॅटर्न करा आणि गाडी कोल्हापूरकडे वळवा. डर्बी गाठायची गरज नाही. वाळू, भट्टी आणि बिडाची नाडी ओळखणारे हात इथेच आहेत.

आज या साच्यांत पंपाची कवचं ओतलीयत. रस निवलाय. कारागीर साचा उलटा करून वाळू झटकतोय.