कोबाल्टचा बगीचा

(दृश्य: पांढऱ्या फरशीवर काळी रेघ ओढणारा कुंचला.)

जेरुसलेमच्या नाब्लस रस्त्यावर 1922 साली एक भट्टी पेटली. पेटवणारे दोघे आर्मेनियन, तुर्कस्तानातल्या कुताह्याचे: कुंभार नेशान बालियान आणि चितारी मेगेरदिच काराकाशियान. ऑटोमन राज्यात आर्मेनियनांचा संहार झाला, त्यातून वाचलेली ही माणसं. डोम ऑफ द रॉक या जेरुसलेममधल्या प्राचीन इस्लामी वास्तूच्या झिजलेल्या फरश्या नव्यानं घडवायला त्यांना 1919 मध्ये बोलावलं होतं. ते काम कधी तडीस गेलं नाही. माणसं मात्र तिथंच राहिली.

1950च्या दशकाच्या मध्यावर नेशानच्या घरी सून आली, मारी. फ्रान्समधल्या आर्मेनियन कुटुंबातली, लियाँमध्ये चित्रकला शिकलेली. माती आणि भट्टी पतीकडे, सेत्राककडे. कुंचला मारी यांनी धरला.

कॅनव्हासवर जो रंग लावाल तो तिथल्या तिथं दिसतो. इथं तसं नाही. आधी नक्षीचा कागद सुईनं टोचायचा, आपल्याकडे भरतकामासाठी टोचतात तसाच. त्यावरून कोळशाची पूड फिरवली की फरशीवर ठिपके उमटतात. ठिपक्यांवरून काळी रेघ, मग आत रंग. निळा रंग देणारा कोबाल्ट या वेळी अगदी मळकट दिसतो. वरून झिलईचं दुधाळ पाणी चढलं की केलेलं सगळं चित्रच नाहीसं होतं! भट्टी निवेपर्यंत थांबायचं. उघडली की तो निळा.

(दृश्य: फरश्यांची पूर्ण भिंत.)

वाडगे, ताटल्या, सुट्या फरश्या कारखान्यात होतच होत्या. मारी यांच्यातला चित्रकार खुलला तो भिंतींवर. अनेक फरश्या मिळून एकच चित्र: झाडं, वेली, पक्षी, हरणं. जेरिकोजवळ हिशामच्या महालात आठव्या शतकातली एक मोझाइक, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, आहे. फळांनी लगडलेलं झाड, खाली चरणारी हरणं आणि एका हरणावर झेपावलेला सिंह. त्या मोझाइकनं जेरुसलेमच्या आर्मेनियन कलावंतांना फार दिलं. घर गमावलेल्या लोकांनी नव्या गावच्या मातीतलं झाड आपल्या नक्षीत लावून घेतलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

1992 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेनं मारी यांच्या फरश्यांचं प्रदर्शन भरवलं. नाव होतं ‘व्ह्यूज ऑफ पॅरडाइज’, स्वर्गाची दृश्यं.

(दृश्य: दोन फरश्यांमधला सांधा, अगदी जवळून.)

इथं जरा थांबून पाहा. वेल या फरशीवर सुटते आणि पलीकडच्या फरशीवर तिथंच पुन्हा धरली जाते. दोन्ही फरश्या भट्टीतून वेगवेगळ्या भाजून आल्या आहेत.