बंडगार्डन की आगाखान पॅलेस?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात पाहुणे आलेले असावेत, परतीच्या गाडीपूर्वीची एकच दुपार हाती उरलेली असावी, आणि त्यांना नदीकाठच्या बंडगार्डनात न्यावे की नगर रस्त्यावरचा आगाखान पॅलेस दाखवावा यावर घरात दोन तट पडावेत, हा प्रसंग अनेक पुणेकरांच्या परिचयाचा आहे. दोन्ही ठिकाणांत अंतर फार तर तीन किलोमीटरचे. तरी लहान मुले आणि पायांनी थकलेली वडीलधारी मंडळी बरोबर असली, की दोन्ही पाहणे जमेलच असे नाही.

माझे मत मी आधीच सांगून टाकतो. एकच ठिकाण पाहायचे असेल, तर आगाखान पॅलेस पाहावा.

ही वास्तू इस्माइली पंथाचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी 1892 साली बांधली आणि दुष्काळाने गांजलेल्या आसपासच्या लोकांना काम मिळावे हा तिच्या बांधकामामागचा एक हेतू होता, असे सांगतात. तिच्या कमानी आणि प्रशस्त व्हरांडे देखणे आहेतच. पण पाहुण्याला तेवढ्यासाठी तेथे नेऊ नये. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’ची घोषणा होताच गांधीजींना अटक करून येथेच स्थानबद्ध केले गेले. येऊन आठवडा होतो न होतो तोच, 15 ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई येथे वारले. पुढे 1943 च्या फेब्रुवारीत गांधीजींनी येथेच एकवीस दिवसांचे उपोषण केले, आणि 22 फेब्रुवारी 1944 रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबांनी येथेच देह ठेवला. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांच्या समाधी याच आवारात आहेत. ‘पॅलेस’ या नावामुळे झुंबरे आणि सिंहासन पाहण्याच्या अपेक्षेने आलेला माणूस त्या समाधींपाशी पोहोचला, की आपोआप हळू बोलू लागतो.

बंडगार्डनची बाजूही लंगडी नाही. त्याच्या नावातला ‘बंड’ म्हणजे नदीवरचा बंधारा. पुण्याच्या छावणीला पाणी मिळावे म्हणून सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून तो उभा राहिला. या उद्यानाचे आजचे अधिकृत नाव महात्मा गांधी उद्यान असे आहे. म्हणजे ज्यांच्या नावाचे हे उद्यान, ते नदीपलीकडच्या वास्तूत पावणेदोन वर्षे बंदिवान होते! जवळच 1860 च्या दशकातला दगडी फिट्झजेराल्ड पूल आहे, आणि त्याच्या टोकांवरचे सिंह मुलांना फार आवडतात. मात्र उन्हाळ्यात मुळा-मुठेवर जलपर्णी माजते, पाण्याला वास येतो, आणि मग नदीकाठच्या निवांतपणाची गोडी निम्मी उरते, हे पाहुण्यांना अगोदर सांगितलेले बरे.

वेळेचा हिशेबही पॅलेसच्याच बाजूने पडतो. महापालिकेची बहुतेक उद्याने दुपारी काही तास बंद असतात, तर पॅलेस त्या वेळी पाहता येतो. शिवाय तेथील छायाचित्रे आणि गांधीजींच्या वापरातल्या वस्तू पाहण्यासाठी मन ताजे लागते. बाकावर बसायला थकलेला माणूसही चालतो. म्हणून गाडी रात्रीची असेल, तर दुपारी पॅलेस पाहावा, आणि ऊन उतरल्यावर, मुलांचा हट्ट असेलच, तर त्यांना पुलावरचे सिंह दाखवून मग स्टेशन गाठावे. स्टेशन तेथून जवळच आहे.