परत आलेली पुस्तकं

नमस्कार श्रोतेहो. माझी प्रकाशनसंस्था लहान आहे. वर्षाला चार-पाच पुस्तकं, कामाला आम्ही दोघं.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानसाखळीनं आमच्या कादंबरीच्या 300 प्रती मागवल्या. आम्ही हरखलो. 500 ची आवृत्ती काढणार होतो, ती 1000 ची काढली. कागदवाल्याला, बाइंडरला महिन्याभरात पैसे दिले. साखळीकडून तीन महिन्यांनी मिळणार होते. त्याआधीच दारात टेम्पो उभा राहिला. 214 प्रती परत! कोपरे मुडपलेले, मुखपृष्ठांवर किमतीची लेबलं चिकटलेली. नखानं काढायला जावं तर वरचा थरही सोलून यायचा. अशी प्रत नवी म्हणून कुणाला द्यायची?

न खपलेली पुस्तकं परत करण्याची ही मुभा अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत रुजली. दुकानदार नवं पुस्तक ठेवायला धजत नव्हते, म्हणून प्रकाशकांनीच ती दिली. हेतू चांगलाच होता. गल्लीतला दुकानदार पाच प्रती मागवतो, दोन परत करतो, त्यानं कुणी बुडत नाही. साखळीचं मुख्य कार्यालय मात्र शंभर शाखांना तीन-तीन प्रती एकदम लावतं. त्या शाखेत ते पुस्तक कोण वाचणार, हे कुणी विचारत नाही. बिलाची तारीख आली की न खपलेला माल परत, बिलातून वजावट. तोवर साखळीचं कपाट आमच्या पैशांवर भरलेलं असतं.

आणि साखळीच बुडाली तर? अमेरिकेतली दुसऱ्या क्रमांकाची साखळी, बॉर्डर्स, फेब्रुवारी 2011 मध्ये दिवाळखोरीत गेली. एकट्या पेंग्विन या बड्या प्रकाशनसंस्थेचं येणं 4 कोटी डॉलरहून जास्त होतं. पेंग्विननं ते सोसलं. दोन माणसांच्या संस्थेचं एक बिल बुडालं, तर पुढचं पुस्तकच निघत नाही.

हे बदलता येतं. ब्रिटनमध्ये जेम्स डाँट 2011 मध्ये वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानसाखळीचे प्रमुख झाले. कोणती पुस्तकं ठेवायची हे त्यांनी बरंचसं शाखांवर सोपवलं आणि परती झपाट्यानं घटल्या. आपल्या गिऱ्हाइकाला ओळखणारा माणूस मोजकंच मागवतो.

आता मी एका शाखेला पाचच प्रती देतो. संपल्या की पुन्हा पाच. म्हणून एक विनंती. हवं ते पुस्तक दुकानात दिसलं नाही, तर काउंटरवर नाव सांगून मागवा. तुमच्यासाठी मागवलेली प्रत सहसा टेम्पोतून माझ्याकडे परत येत नाही.