राजाराम बंधाऱ्याची पातळी किती?

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठला की चहाआधी मोबाईल उघडतो. गुड मॉर्निंगची फुलं बाजूला सारून तो एकच गोष्ट शोधतो: पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची गावं पाण्यात, शिरोलीजवळ महामार्ग बंद. असल्या वेळी ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरतात. एक, कुणी कधी लिहिला त्याचा पत्ता नसलेला, 'जास्तीत जास्त शेअर करा'वाला. त्यानं फक्त घबराट वाढते. दुसरा असा: अमुक गल्ली, पिवळं दुमजली घर, वर चौघं, आजींना चालता येत नाही, दुपारी सव्वातीन. आणि तासाभरानं त्याच्याच खाली: 'बोट पोचली, सगळे सुखरूप. हा मेसेज आता पुढं पाठवू नका.' मला विचाराल तर ही शेवटची ओळ सगळ्यात मोलाची. ती लिहिणाऱ्याला आजींची फिकीर होती, लाईकची नव्हती.

तालीम मंडळांचंही तसंच. एरवी त्यांच्या पेजवर वाढदिवसाचे फ्लेक्सच जास्त (रागावू नका, खरं तेच सांगतोय). पण मदत गोळा करताना जे मंडळ 'भाकरी पुरेशा झाल्या, आता कोरडी अंथरुणं द्या' असं स्पष्ट लिहितं, त्याच्यावर माणसं डोळे झाकून विश्वास ठेवतात.

आता पायताणाकडं वळू. जून २०२५मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. सोशल मीडियावर रान उठलं. कंपनीला या चपलांचं भारतीय मूळ मान्य करावं लागलं आणि जुलैत त्यांची माणसं इथं येऊन कारागिरांना भेटली. गलका कामी आला खरा. पण गलका चार दिवसांचा. कारागिराचा धंदा चालतो तो गिऱ्हाईक पुन्हा येतं म्हणून. समजा, चामड्याची वेणी घालतानाचा व्हिडिओ बघून नागपूरच्या ताईंनी विचारलं, "पावसात चालेल का?" आणि उत्तर गेलं, "नाही ताई, भिजवू नका. सुरुवातीला चावंल, जरा तेल लावा." विक्री एखादी हुकेल. पण दिवाळीच्या खरेदीला त्या ताई दुसरीकडं जायच्या नाहीत.

काही कार्यालयांच्या पेजवर मात्र रोज फीत कापल्याचे फोटो, आणि खाली 'आमच्याकडं पाणी कधी येणार?' हा प्रश्न आठवडाभर तसाच. फोटो एक कमी टाका, पण त्या माणसाला उत्तर द्या.

आणि तुमच्या गल्लीच्या ग्रुपवर आजच एक यादी टाका: कुणाकडं स्मार्टफोन नाही, आणि पाणी चढलं तर त्यांचं दार कोण वाजवणार.