साठ इंचांची टेप

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय जरा कागदी वाटेल: ज्येष्ठ नागरिकांसाठी परवडणारी घरं आणि नगरपालिकेनं करायचं त्यांचं नियोजन. पण आवाज कमी करू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 2030 साली जगात दर 6 माणसांमागे 1 जण साठी ओलांडलेला असेल. हे भाषण ऐकताना "आपल्याला काय त्याचं" असं ज्यांना वाटतंय, त्यांनी आपलं वय कागदावर लिहावं आणि पुढे वीस मिळवावेत.

तर मी तुम्हाला एका सुनावणीची गोष्ट सांगते. ही गोष्ट मी जमेल तिथे सांगते, घरचे आता उठून जातात. तुम्ही बसा.

वृद्धांसाठी छोटी घरं बांधायचा आराखडा एका नगरपालिकेनं तयार केला होता. नियमाप्रमाणे हरकती-सूचना मागवल्या आणि सुनावणी ठेवली. मी रेकॉर्डर घेऊन गेले होते. भिंतीवर भला मोठा नकाशा, त्यावर निळ्या रेघा, आणि समोर पन्नासेक म्हातारी माणसं. कनिष्ठ अभियंता तरुण होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात काठी. तो काठीनं दाखवायचा, "हे लिव्हिंग, हे किचन, हे टॉयलेट." लोक माना डोलवत होते. श्रोतेहो, नकाशा पाहून मान डोलवणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. निम्म्यांना तो उलटा टांगला असता तरी चाललं असतं. मीही त्यांतलीच.

तेवढ्यात मागून एक गृहस्थ उठले. शिवणकाम करणारे, ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना मास्टर म्हणायचे. दुकान कधीच बंद झालेलं, पण टेप अजून गळ्यात. म्हणाले, "साहेब, तुम्ही कापड बेतलंत छान. गिऱ्हाइकाचं माप कुणी घेतलं?"

अभियंता हसला. "काका, सगळं नियमात बसवलंय."

"मग इथे जमिनीवर काढून दाखवा. माझे गुडघे वाकत नाहीत, तुमचे वाकतात." आणि खिशातून चपटा खडू काढला, शिंपी लोक कापडावर खूण करायला वापरतात तो.

आता सभागृहात नुसती गंमत. अभियंता खाली बसला आणि टेपनं मोजून फरशीवर घर काढायला लागला. जसंच्या तसं, खऱ्या मापाचं. संडास वेगळा, न्हाणीघर वेगळं, दोन्ही जेमतेम तीन फुटी, मध्ये भिंत. दार दोन फुटांचं.

मास्टरांनी दाराशी बसलेल्या एका बाईंना हाक मारली. त्यांनी नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. "ताई, भाऊंना जरा आत नेता का?" ताईंनी खुर्ची ढकलली. दोन फुटांच्या दारातून साधी चाकाची खुर्ची जात नाही, तर चाक खडूच्या रेघेवरून सरळ पलीकडे गेलं. मास्टर म्हणाले, "साहेब, भिंत पडली."

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि पूर्ण ताणून जमिनीवर ठेवली. शिंप्याची टेप 60 इंचांची असते, घरात असेल तर बघा. 60 इंच म्हणजे साधारण दीड मीटर. आणि चाकाची खुर्ची जागच्या जागी वळवायला लागतं तेही दीड मीटर व्यासाचं वर्तुळ. ते मास्टरांना कुणी शिकवलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "माणूस आत गेला तर वळून बाहेरही आला पाहिजे." पुन्हा सांगते, कारण हे लिहून ठेवण्यासारखं आहे: दीड मीटर. शिंप्याच्या टेपएवढं.

खरी मजा पुढे. मास्टर अभियंत्याला म्हणाले, "आता तुम्ही न्हाणीघरात घसरून पडा." तो बिचारा इस्त्रीच्या शर्टासकट फरशीवर आडवा झाला. एका माणसाला पुठ्ठ्याचा तुकडा दिला, तो झाला दरवाजा. दार नकाशाप्रमाणे आत उघडायचं. पुठ्ठा आत ढकलला, तो अभियंत्याच्या पोटऱ्यांना अडला. जितकं ढकलावं तितका माणूस आत दाबला जायचा. हसणं थांबलं तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी हळूच म्हणाल्या, "आमच्याकडे दार तोडावं लागलं होतं." त्यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये तिथे फक्त पंख्याचा आवाज आहे.

वरिष्ठ अधिकारी होते, त्यांनी घसा खाकरून विचारलं, "पण जागा वाढवली की घरांची संख्या कमी होईल, मग खर्च कसा बसवायचा?" प्रश्न अगदी रास्त होता. मास्टर म्हणाले, "अंगात न शिरणारा सदरा फुकट दिलात तरी तो खुंटीलाच राहतो." उत्तर मात्र अभियंत्यानं काढलं. उठला, शर्टावरचा खडू झटकला, आणि संडास-न्हाणीघरातली मधली रेघ बुटानं पुसून टाकली. दोन अडचणीच्या खोल्यांची एक मोकळी खोली झाली. दार रुंद केलं, बाहेर उघडणारं केलं. एकही घर कमी झालं नाही.

बघा, या गोष्टीत माझा निम्मा वेळ गेला. आता बाकीचं पटापट.

घर परवडतं की नाही हे नुसत्या भाड्यावर जाऊ नका. भाडं कमी, पण दवाखाना दोन बस बदलून, तर ते घर महागच. म्हणून भूखंड कुठला, हा पहिला प्रश्न. स्वस्त जमीन शहराच्या टोकाला मिळते म्हणून म्हाताऱ्यांना टोकाला टाकायचं, हा हिशेब मला पटत नाही. आराखड्यात आरक्षण ठेवतानाच दवाखाना, बाजार आणि बसथांबा चालण्याच्या अंतरात धरायला हवेत, आणि ते अंतर सत्तरीच्या पायांनी मोजायला हवं. पदपथ, त्यावरची बाकडी, रस्ता ओलांडायचा सिग्नल किती सेकंदांचा, हे सगळं घराच्याच हिशेबात येतं. (आणि ते गुळगुळीत चकचकीत टाइल्स! वृद्धांच्या इमारतीत तसल्या टाइल्स बसवणाऱ्याला पावसाळ्यात अनवाणी चालवावं. असो.)

सिंगापूरमध्ये कम्पुंग ॲडमिरल्टी नावाची इमारत आहे. तिथे ज्येष्ठांची 104 घरं, दवाखाना, खाणावळी आणि वर पाळणाघर, सगळं एकाच ठिकाणी रचलंय. तिथला दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. 55 च्या पुढच्या माणसाला छोटं घर आखूड भाडेपट्ट्यावर घेता येतं, 15 ते 45 वर्षांपर्यंत. जेवढी वर्षं, तेवढेच पैसे. तो पट्टा माणसाला वयाच्या निदान 95 वर्षांपर्यंत पुरला पाहिजे अशी अट आहे. मुदत संपली की घर पुढच्याला. घर मालकीचं करून दिलं की ते वारसांकडे जातं, कधी विकलं जातं, आणि पालिकेला पुन्हा नव्यानं जमीन शोधावी लागते.

डेन्मार्कनं तर 1987 साली कायदाच केला. जुन्या पद्धतीचे नवे वृद्धाश्रम बांधणं थांबवलं आणि नगरपालिकांना सांगितलं, स्वतंत्र, वावरायला सोपी घरं बांधा आणि मदतनीस घरी पाठवा. मदत माणसाकडे जाते, माणसाला मदतीकडे हलवावं लागत नाही. हे पुन्हा सांगते: मदत माणसाकडे. त्यासाठी मदतनिसांचा पगार दरवर्षीच्या अंदाजपत्रकात लागतो. इमारतीचं उद्घाटन होतं, पगाराचं होत नाही, म्हणून ते कलम पहिल्यांदा कापलं जातं.

अर्ज फक्त ऑनलाइन ठेवण्याबद्दल मी आज बोलणार नव्हते. पण ज्याच्या बोटांना फोन ओळखत नाही, डोळ्यांना ओटीपी दिसत नाही, त्याच्यासाठी खिडकीवर एक माणूस बसवायला काय हरकत आहे? आणि त्या इमारतींना मावळत्या सूर्याची नावं देणंही बंद करा.

मास्टरांचं पुढे काय झालं, असं मला नेहमी विचारतात. घरं झाली, सोडत निघाली, मास्टरांचा नंबर लागला नाही. ते प्रतीक्षा यादीत आहेत. भेटले की घराबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एवढंच विचारतात, "त्या साहेबांनी माझी टेप नेली होती, परत देणार आहेत का?"

नमस्कार.